बीज कुणाचे, कूस कुणाची, लेकरू कुणाचे?

दुपारचे दोन वाजत आले होते. आठवडी बाजाराचा दिवस, त्यामुळे दवाखान्यात खेड्यापाड्यांतली गर्दी होती. शेवटचा पेशंट तपासून मी हात धुतो न धुतो तोच चार माणसे एकदम आत आली. नवरा-बायको, नवऱ्याची आई आणि बायकोची धाकटी बहीण. सावनेर तालुक्यातल्याच एका खेड्यातले, संत्र्याचा बगीचा असलेले हे कुटुंब वीस वर्षांपासून माझ्याकडे येते. (ओळख पटू नये म्हणून या लेखातील माझ्या पेशंटांचे काही तपशील मी बदलले आहेत.)

पाच वर्षांपूर्वी या बाईचे पहिले बाळंतपण अडले. मूल दगावले, रक्तस्राव थांबेना. जीव वाचवण्यासाठी डॉक्टरांना तिची गर्भपिशवी काढावी लागली. बीजकोश मात्र शाबूत राहिले. आता नागपूरच्या तज्ज्ञांनी सरोगसीचा सल्ला दिला होता. तिचे बीज, नवऱ्याचे बीज आणि कूस दुसऱ्या बाईची. कूस द्यायला धाकटी बहीण तयार होती. वय २९, स्वतःची दोन लेकरे.

"खर्चापाण्याचं पाहून घेऊ डॉक्टरसाहेब," सासूबाई म्हणाल्या, "पण नऊ महिने पोटात वागवल्यावर हिनं लेकरू दिलंच नाही तं?"

धाकटी इतका वेळ खाली मान घालून बसली होती. ती हळूच म्हणाली, "मी देईन डॉक्टरसाहेब. मला माझी दोन आहेत. पण नऊ महिन्यांत ताईचं अन् भाऊजींचंच बिनसलं तं? मंग ते लेकरू कोणाचं?"

खोलीत कुणी काही बोलेना. नवऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मी चहा सांगितला आणि बाहेरचा दरवाजा लावून घ्यायला कंपाउंडरला खूण केली.

वाचकहो, सासूबाईंची भीती सर्वांनाच पडते. सिनेमातही तीच असते. पण आपल्या देशात गाजलेले दोन मोठे खटले पाहिले तर खरी ठरली ती धाकटीची भीती. दोन्हींत कूस देणाऱ्या बाईने मूल अडवलेले नव्हते. भांडण झाले ते मूल मागणाऱ्या नवरा-बायकोचे. म्हणून या विषयावर आजचा लेख.

माझी एक चूक

आधी माझी चूक सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी, या विषयाचा कायदा व्हायच्या आधी, माझ्या ओळखीच्या एका दाम्पत्याला सरोगसीने मूल झाले. पत्नीचे बीज तयार होत नसल्यामुळे बीज दुसऱ्या स्त्रीचे घेतले होते. पेढे घेऊन दोघे दवाखान्यात आले. मी पेढा खाल्ला, अभिनंदन केले. कागदपत्रे काय केलीत, हे एका शब्दाने विचारले नाही. ते आपले काम नव्हे असे मला वाटले.

मूल सहा वर्षांचे झाले आणि संसार फाटला. मुलाला बापाच्या घरी ठेवून घेतले. सासरची माणसे म्हणू लागली, "पोट तिचं नाही, बीज तिचं नाही, मग आई कशाची?" ती बाई माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मी त्याची आई आहे असं एका कागदावर लिहून द्या."

माझ्याजवळ असा कागद नव्हता. होते ते लसीकरणाचे कार्ड आणि माझे जुने रजिस्टर. त्यात दर वेळी मूल कुणी आणले याची नोंद होती. गोवर-रुबेलाची लस, रात्री अकराचा ताप, कानात गेलेला हरभऱ्याचा दाणा, प्रत्येक वेळी आणणारी तीच. त्या नोंदींच्या खऱ्या प्रती मी दिल्या, वकिलाने त्या लावल्या. पुढे समेट झाला. मूल आता आईजवळ असते, सुट्यांत बापाकडे जाते. पण त्या दोन वर्षांत शाळेत हुशार असलेले ते लेकरू पुन्हा अंथरुणात शू करू लागले होते. दर सोमवारी त्याच्या पोटात दुखे. सोनोग्राफी केली, जंताचे औषध दिले, काही निघाले नाही. ताब्याचे भांडण कोर्टात चालते, पण त्याचा आजार आमच्या दवाखान्यात येतो.

संत्रे आणि जंबेरी

बीज आणि कूस यांचा घोळ आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावणे मला सोपे जाते. संत्र्याचे रोप कसे करतात? आधी जंबेरीचे बी लावून रोप वाढवतात. त्या जंबेरीच्या खुंटावर चांगल्या संत्र्याचा डोळा भरतात. मुळे जंबेरीची. अन्न-पाणी जंबेरी ओढून घेते. झाडाला फळ मात्र संत्र्याचेच लागते.

सरोगसीत थोडेफार असेच असते. स्त्रीला इंजेक्शने देऊन तिच्या बीजकोशात अनेक बीजे पिकवतात. ती सुईने बाहेर काढून प्रयोगशाळेत पुरुषबीजाशी त्यांचा संयोग घडवतात. तीन ते पाच दिवसांचा गर्भ बारीक नळीने कूस देणाऱ्या बाईच्या गर्भाशयात सोडतात. ते रुजले की पुढचे नऊ महिने तिचे. मुलाचा चेहरा, रंग आणि रक्तगट बीजावरून ठरतात, कुशीवरून नाही. त्या बाईचे रक्त मुलाच्या रक्तात मिसळत नाही. मधे वार असते. वारेतून अन्न, प्राणवायू आणि औषधे जातात. तंबाखू-खर्ऱ्याचे विषही जाते, हे आपल्या भागात मुद्दाम सांगावे लागते.

हे तंत्र आपल्याकडे परके राहिलेले नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा मी शाळेत होतो. वर्गात आम्ही पोरे 'काचेच्या नळीतली पोरगी' म्हणून हसलो होतो. गर्भ तिथे बाहेर तयार झाला, पण वाढला तो स्वतःच्या आईच्याच पोटात. सरोगसीत तो दुसरीच्या पोटात वाढतो, आणि प्रश्न तिथून सुरू होतो. एका लेकराच्या मागे तीन बाया उभ्या राहू शकतात. एक बीज देणारी, दुसरी पोटात वाढवणारी, तिसरी वाढवून मोठे करणारी. आई कोण?

पुराणात देवकीचा सातवा गर्भ रोहिणीच्या उदरात नेऊन ठेवला आणि बलराम जन्मला, अशी कथा आहे. कीर्तनात ती आपण अनेकदा ऐकतो. पण रोहिणीला कुणी विचारले होते का, हा प्रश्न आपण विचारत नाही. आजच्या काळात तो पहिला प्रश्न आहे.

कायदा नव्हता तेव्हा

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात १९८६ साली एक मुलगी जन्मली. जगभर ती 'बेबी एम' म्हणून ओळखली गेली. तिथे कूस देणाऱ्या बाईचे बीजही तिचे स्वतःचेच होते. दहा हजार डॉलरचा करार झाला होता. बाळ पाहिल्यावर तिला ते देववेना. १९८८ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पैशांचा करार बेकायदा ठरवला, मुलीचा ताबा बापाकडे दिला आणि जन्म देणाऱ्या बाईला भेटीचा हक्क ठेवला. सासूबाईंची भीती खरी ठरली ती अशा प्रकारात. म्हणून आपल्या कायद्याने कूस देणाऱ्या बाईने स्वतःचे बीज द्यायला सक्त मनाई केली आहे. 'दुसरे बीज कशाला, तिचेच वापरा, खर्च वाचेल' असे कुणी सांगितले तर त्या वाटेला जाऊ नका.

आपल्या देशातला पहिला गाजलेला खटला गुजरातेतील आणंदचा. जपानमधल्या एका दाम्पत्याने तिथे सरोगसीचा करार केला. बीज तिसऱ्याच अनामिक स्त्रीचे होते. मूल जन्मण्याआधीच, जून २००८ मध्ये, दाम्पत्याचा घटस्फोट झाला. २५ जुलैला मुलगी जन्मली. घटस्फोटित पत्नीला ती नको होती. कूस देणारीचे काम संपले होते. बीज देणारी कोण हे कुणाला माहीत नव्हते. बापाला मुलगी हवी होती, पण जन्मदाखल्यावर आई म्हणून कुणाचे नाव लिहायचे? पारपत्र कोणत्या देशाचे? बापाच्या व्हिसाची मुदत संपली, म्हणून आजी जपानहून आली आणि नातीला सांभाळत बसली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 'बेबी मांजी' खटला तो हाच. अखेर काही महिन्यांनी नात आजीबरोबर जपानला गेली. तीन बाया असूनही तिला कागदावर एकही आई नव्हती.

आपल्या वाचकांना 'मला आई व्हायचंय' हा मराठी चित्रपट आठवत असेल. वकील असलेल्या समृद्धी पोरे यांनी तो काढला. परदेशी बाई मूल सोडून जाते, कूस देणारी त्याला वाढवते आणि मग परदेशी बाई परत येते. पुढे त्याच्यावरून हिंदीत 'मिमी' निघाला. दोन्ही कथा त्या बिनकायद्याच्या काळातल्या आहेत.

मुंबईचा निकाल

आता आपल्या राज्यातला खटला पाहू. तो प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे.

एका दाम्पत्याने २०१८ साली सरोगसीचा करार केला. पत्नीचे बीज उपयोगी पडत नव्हते, म्हणून तिच्या धाकट्या बहिणीने बीज दिले. कूस तिसऱ्या बाईची. ऑगस्ट २०१९ मध्ये जुळ्या मुली झाल्या. मधल्या काळात एका अपघातात त्या बहिणीचा नवरा आणि मुलगी गेली. दुःखाचा डोंगर कोसळला. पुढे २०२१ साली नवरा-बायकोचे बिनसले. नवरा मुलींना घेऊन वेगळा राहू लागला आणि मेव्हणी मुली सांभाळायला त्याच्या घरी राहू लागली. पत्नीने मुलींना भेटू द्या म्हणून अर्ज केला. खालच्या कोर्टाने तो फेटाळला. नवऱ्याचे म्हणणे असे, की बीज मेव्हणीचे, तेव्हा खरी आई तीच आणि पत्नीचा मुलींवर काही हक्क नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मिलिंद जाधव यांनी हे म्हणणे अमान्य केले. करार कायद्याच्या आधीचा असल्यामुळे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २००५ सालच्या मार्गदर्शक सूचना लावल्या गेल्या. त्यांप्रमाणे बीज देणारीला मुलावर आई म्हणून कायदेशीर हक्क राहत नाही. फार तर ती जनुकांच्या नात्याने आई म्हणता येईल, त्यापलीकडे नाही. ज्या दोघांनी मिळून हे मूल मागितले, करारावर सह्या केल्या, तेच आई-बाप. पत्नीला दर आठवड्याच्या शेवटी तीन तास मुलींना भेटण्याची मुभा मिळाली.

तीन तास. निकाल पत्नीच्या बाजूने लागला तेव्हा मुली पाच वर्षांच्या होत आल्या होत्या, आणि दुरावा पडून तीन वर्षे झाली होती. पाच वर्षांच्या मुलीला तीन वर्षे म्हणजे किती, हे बालवाडीच्या बाईंना विचारा.

या खटल्यात मला कुणी दुष्ट दिसत नाही. बहिणीने बीज दिले ते प्रेमाने दिले. नंतर तिचे स्वतःचे घर उजाड झाले. अशा मनाला त्या मुलींत आपले काही दिसले असेल तर नवल नाही. पण दान दिले ते दिले. शेजाऱ्याला विहिरीतले पाणी दिल्यावर त्याच्या वावरातला गहू आपला होत नाही.

आता कायदा काय सांगतो

सरोगसी नियमन कायदा २०२१ साली झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी साध्या भाषेत देतो.

पैसे देऊन कूस घेणे आता गुन्हा आहे. बाईचा दवाखान्याचा खर्च, विमा आणि कायद्याने ठरवलेला इतर खर्च तेवढा करायचा. तो विमा ३६ महिन्यांचा असावा लागतो.

मूल मागणारे विवाहित भारतीय दाम्पत्य असावे. पत्नी २३ ते ५०, पती २६ ते ५५ वर्षांचा. आधीचे जिवंत मूल नसावे. अपंगत्व किंवा जिवावरचा आजार असलेल्या मुलाच्या बाबतीत अपवाद आहे. ३५ ते ४५ वर्षांच्या विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीलाही स्वतःचे बीज वापरून परवानगी मिळते. कायदा येण्यापूर्वी ज्यांनी गर्भ गोठवून ठेवले होते त्यांना वयाची अट लागू होणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले आहे.

कूस देणारी विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली, स्वतःचे मूल असलेली, २५ ते ३५ वर्षांची असावी. आयुष्यात एकदाच तिला हे करता येते. तिची शरीराची आणि मनाची तपासणी झाली पाहिजे. गर्भ सोडण्याच्या क्षणापर्यंत ती नाही म्हणू शकते. 'शब्द दिला होतास' म्हणून तिला कुणी अडवू शकत नाही.

दोघांपैकी एकाच्या आजारामुळे दुसऱ्याचे बीज घ्यावे लागत असेल तर २०२४ सालच्या दुरुस्तीने ते शक्य झाले आहे. जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळाने तसे प्रमाणित करावे लागते आणि निदान एक बीज दाम्पत्याचे असावेच लागते. गर्भपिशवी नसणे हे सरोगसीचे मान्य कारण आहे, पण त्याचाही दाखला याच मंडळाकडून घ्यायचा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गर्भ सोडण्यापूर्वी मूल मागणारे आणि कूस देणारी, दोघांनी मिळून प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे किंवा त्यावरच्या कोर्टात अर्ज करायचा. होणाऱ्या मुलाचे आई-बाप कोण आणि ताबा कुणाकडे, याचा आदेश आधीच घ्यायचा. मूल झाल्यावर तोच आदेश त्याच्या जन्माचे प्रतिज्ञापत्र ठरतो. म्हणजे ताब्याचा निकाल आधी, गर्भ नंतर. बेबी मांजीजवळ नेमका हाच कागद नव्हता. माझ्या त्या पेशंटजवळही नव्हता.

असे जन्मलेले मूल कायद्याने त्या दाम्पत्याचे पोटचे मूलच मानले जाते. वारसा, नाव, सर्व हक्क त्याला मिळतात. मुलगी झाली, जुळे झाले, व्यंग निघाले, नवरा-बायको वेगळे झाले, काहीही झाले तरी त्याला टाकता येत नाही. टाकणे हा गुन्हा आहे.

संसार मोडला तर

मग त्या धाकटीच्या प्रश्नाचे उत्तर काय? गर्भ पोटात असताना नवरा-बायकोचे बिनसले तरी मूल दोघांचेच राहते. कूस देणारीच्या गळ्यात ते पडत नाही. दोघांपैकी कुणाजवळ राहावे एवढाच प्रश्न उरतो, आणि तो घटस्फोटात इतर कुठल्याही मुलाचा सुटतो तसाच सुटतो. १८९० चा पालक व पाल्य कायदा आहे. हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा आहे. त्यांचा गाभा एकच. मुलाचे हित सर्वांत वर. १९५६ च्या कायद्यात पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे असे म्हटले आहे. 'बीज तिचे नाही' हे कारण सांगून आईला दूर लोटता येत नाही. मुंबईच्या निकालाने तेच दाखवले.

आपल्या नागपूर खंडपीठाने तर २०१५ सालीच, सरोगसीने आई झालेल्या नोकरदार स्त्रीला प्रसूती रजा द्या, असा निकाल दिला होता. मूल सांभाळायला आई लागते, आणि आईपण केवळ बाळंतपणात नसते, हे तेव्हाच मान्य झाले.

ज्या बायांजवळ वकिलाची फी नाही त्यांनी घाबरू नये. स्त्रियांना, मिळकत कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणामार्फत मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात त्याची समिती असते. तिथे जाऊन विचारावे.

फसू नका

मूल हवे असलेले माणूस आंधळे होते आणि दलाल ते ओळखतो. २०२२ साली नागपूर पोलिसांनी एक प्रकरण उघडकीस आणले. हैदराबादच्या एका दाम्पत्याला सरोगसीची मुलगी म्हणून सात लाख रुपयांना दिलेली बाळी प्रत्यक्षात एका गरजू बाईची होती. जुलै २०२५ मध्ये हैदराबादेतही तसाच प्रकार निघाला. डी.एन.ए. तपासल्यावर मूल त्या दाम्पत्याचे नव्हतेच असे कळले. अशा मुलाचा ताबा कायद्याने त्यांच्याकडे राहूच शकत नाही. लेकराला लळा लागलेला असतो आणि पोलीस दारात येतात. म्हणून नोंदणीकृत केंद्राशिवाय कुठेही जाऊ नका. 'सगळे आम्ही पाहून घेऊ, कोर्टाची गरज नाही' असे जो म्हणतो, त्याच्या पायऱ्या उतरून या.

कूस देणारीची काळजी

सर्वांची नजर बाळावर असते. नऊ महिने झिजलेल्या बाईकडे कुणी पाहत नाही. कॅनडातील ओंटारियो प्रांतातला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. नैसर्गिक गर्भधारणेत शंभरात सुमारे दोन स्त्रियांना गंभीर त्रास झाला, तर दुसऱ्याचा गर्भ वाढवणाऱ्यांत तो सुमारे आठ जणींना झाला. अतिरक्तस्राव, रक्तदाब, जंतुसंसर्ग, असे हे त्रास. म्हणून अशा बाईची प्रत्येक तपासणी वेळेवर आणि बाळंतपण सर्व सोयी असलेल्या रुग्णालयातच झाले पाहिजे.

आणखी एक गोष्ट, जी बाळंतपण केलेल्या प्रत्येक बाईला कळेल. बाळ दुसऱ्याच्या हाती दिले तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतेच. छाती भरते, दुखते, ताप येतो. शरीराला करार कळत नाही. दूध आटवण्याची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. रडू येईल तर येऊ द्यावे. 'देऊन टाकलं ना, आता रडते कशाला?' असे घरच्यांनी म्हणू नये. महिनाभर रडणे, न जेवणे, झोप न येणे चालू राहिले तर दाखवावे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहे. शिवाय तिची स्वतःची लहान मुले असतात. आईच्या पोटातले बाळ कुठे गेले, हे त्यांना आधीच समजावून सांगावे.

आणि मुलाला? त्यालाही सांगावे. केंब्रिज विद्यापीठाच्या सुसान गोलोम्बॉक यांनी अशा कुटुंबांतली मुले वीस वर्षांची होईपर्यंत पाहिली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे त्यांच्या मनाची वाढ इतर मुलांसारखीच होती. ज्या आईवडिलांनी लहानपणीच, शाळेत जाण्याच्या वयापर्यंत, खरे सांगून टाकले त्यांचे मुलांशी नाते अधिक चांगले राहिले. लपवलेली गोष्ट भांडणाच्या वेळी शस्त्र होते. कुणीतरी ती रागाच्या भरात लेकराच्या तोंडावर फेकते.

जाण्यापूर्वी घरात बसून विचारा

आता माझ्याकडे कुणी या कामाची चौकशी करायला आले की मी पेढ्याची वाट पाहत नाही. पाच प्रश्न विचारतो. वाचकांनीही ते घरी विचारावेत.

१. मूल नसल्याचे दुःख दोघांचे आहे की एकाचे? एकाच्या आग्रहाखातर दुसरा ओढला जात असेल तर थांबा.

२. मोडत असलेला संसार जोडायला मूल आणता आहात का? तसे असेल तर तेही थांबवा. मुलाच्या खांद्यावर संसाराची धुरा टिकत नाही.

३. कूस देणारी मनाने तयार आहे की घरच्यांच्या दबावाने? तिला एकटीला विचारा. तिच्या नवऱ्याशीही मोकळे बोला.

४. बीज कुणाचे, कूस कुणाची, हे सर्वांना माहीत आहे का? त्यावरून नंतर कुणी टोमणा मारणार नाही, असे सर्वांच्या समक्ष बोलून घेतले का?

५. कोर्टाचा आदेश, मंडळाचा दाखला, विमा, केंद्राची नोंदणी यांच्या प्रती दोन्ही घरी आहेत का? एकाच कपाटात, एकाच माणसाच्या किल्लीखाली नकोत.

त्या दिवशी हे सगळे बोलायला दीड तास लागला. चहा निवून गेला. धाकटीला मी माझ्या पत्नीबरोबर आतल्या खोलीत बसवले आणि तिला एकटीलाच विचारायला लावले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मी तयार आहे डॉक्टरसाहेब. पण आधी कोर्टाचा कागद. अन् ताईनं अन् भाऊजींनी दोघांनीही माझ्यासमोर कबूल करावं."

नवरा उठला. आईकडे न पाहता, मेव्हणीसमोर हात जोडून म्हणाला, "काहीही झालं तरी लेकरू आमचंच." पत्नीनेही तेच म्हटले. सासूबाई काही वेळ गप्प होत्या. मग त्यांनी पिशवीतून चार संत्री काढून माझ्या टेबलावर ठेवली.

पुढच्या आठवड्यात ते वैद्यकीय मंडळाकडे जाणार आहेत. मला त्यांनी आणखी एक काम सांगितले आहे. लेकरू झाल्यावर लसीकरणाचे कार्ड माझ्याच दवाखान्यात करायचे. आईच्या नावाची ओळ मी माझ्या हाताने लिहीन, आणि त्या वेळी कोर्टाच्या आदेशाची प्रत समोर ठेवूनच लिहीन.